‘गेट’ला मराठीत काय म्हणावं: घटस्फोटाचा दाखला, फारकत की सोडचिठ्ठी?

प्रश्न: ज्यू धर्मशास्त्रावरचा एक मजकूर मराठीत आणते आहे. त्यात ‘गेट’, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायचा घटस्फोटाचा कागद, हा शब्द पानोपानी येतो. सध्या मी ‘घटस्फोटाचा दाखला’ असं लिहिलंय. ‘श्तार’ म्हणजे करार आणि ‘एद’ म्हणजे साक्षीदार असं धरलंय. चालेल का?

प्रतिसाद: ताई, ‘दाखला’ मात्र नको. मूल आधी जन्मतं, दाखला मागाहून निघतो. गेटचं उलट आहे. तो बायकोच्या हातात पडेपर्यंत घटस्फोट झालेलाच नसतो. देणं हीच घटस्फोटाची क्रिया. आजही रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, न्यायालयात, म्हणजे ‘बेत दिन’मध्ये, नवरा तो कागद बायकोच्या ओंजळीत टाकतो. मग न्यायालय त्याला कात्री लावून आपल्याच दप्तरी ठेवतं आणि तिला निराळा कागद देतं, की अमक्या दिवशी ही बाई मोकळी झाली. दाखला म्हणायचंच असेल तर त्या दुसऱ्या कागदाला म्हणा.

माझं मत ‘सोडचिठ्ठी’ला. मिश्ना म्हणजे ज्यू धर्मनियमांचा प्राचीन संग्रह; त्याच्या ‘गिट्टिन’ या भागात, शेवटच्या म्हणजे नवव्या प्रकरणात, गेटमध्ये काय लिहायचं यावर वाद आहे. ‘तू कुणाही पुरुषाशी लग्न करायला मोकळी आहेस’ हा त्याचा गाभा. रब्बी यहूदा म्हणतात, एवढ्यावर भागत नाही. हा कागद माझ्याकडून तुला आहे असंही त्यात यायला हवं. आणि त्या कागदाला ते एका दमात तीन अरामी नावं देतात: सेफेर तेरुखिन, इग्गेरेत शेवुकिन, गेट पितुरिन. मधल्या नावाचा अर्थ सोडण्याची चिठ्ठी!

दुसरा प्रतिसाद: आमच्याकडे घरात ‘फारकत’ म्हणतात. त्यात काय वाईट?

प्रतिसाद: वाईट काहीच नाही. उलट एका बाबतीत तो जास्त जवळचा. गेट म्हणजे मुळात कुठलंही खत. प्राचीन मेसोपोटेमियाच्या अक्कादी भाषेतल्या ‘गित्तु’शी त्याचं नातं लावतात. गुलामाला मोकळं करण्याच्या खतालाही मिश्नात गेटच म्हटलंय. मिश्नाच्याच ‘बावा बात्रा’ या भागात साधा गेट आणि बांधलेला गेट असे दोन प्रकार येतात: साध्याला दोन साक्षी, घड्या घालून बांधलेल्याला तीन, आणि त्यांच्या सह्या पाठीमागे. फारकतही मूळची फारिग-खत. कर्ज फिटलं, भागीदारी मोडली, तरी फारकत लिहून देत. पुढे दोन्ही शब्द नवराबायकोच्या ताटातुटीला चिकटले.

‘काडीमोड’ मात्र टाळा. काडी मोडली की संपलं, लिहिणं नाही. इथे सगळी भिस्त लेखनावर. बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (२४:१) ‘तिच्यासाठी लिहावं’ असं आहे, आणि त्या ‘तिच्यासाठी’वर तालमूदने, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेच्या ग्रंथाने, मोठी इमारत उभी केली. मिश्नातलं उदाहरण बघा: लेखनिकांचे शिकाऊ उमेदवार सरावासाठी ‘अमका अमकीला सोडतो’ असं मोठ्याने वाचताहेत. रस्त्याने जाणारा म्हणतो, अरे, हे तर माझं आणि माझ्या बायकोचं नाव! तो गेट तिला देऊन चालत नाही. नावं जुळली तरी तो तिच्यासाठी लिहिलेला नव्हता. आणि कशावर लिहायचा? ऑलिव्हच्या पानावर चालेल, गायीच्या शिंगावरही चालेल, फक्त मग गायही तिला द्यायची. गलीलचे रब्बी योसे जिवंत प्राण्यावर आणि खाण्याच्या वस्तूवर नाही म्हणतात. मला तर ही गाय फार आवडते.

प्रश्न: आणि साक्षीदार?

प्रतिसाद: अडचण खरी इथे आहे, कारण मराठीत साक्षीदार म्हटलं की कोर्टात पुरावा देणारा डोळ्यांपुढे येतो. पैशाच्या व्यवहारात ते बरोबर. ‘साक्षीदार निर्माण झाले ते खोटं बोलणाऱ्यांसाठीच’ असं तालमूद म्हणतो. धनको-ऋणको दोघांनी कबूल केलं तर साक्षीविनाही कर्ज हे कर्जच. पण लग्न आणि घटस्फोटाला हे लागू नाही. एकांतात गेट दिला, दोघंही हो म्हणतात, तरी दोन पात्र साक्षी नव्हते तर काही घडलंच नाही. पुढच्या शास्त्रकारांनी म्हणून दोन नावं केली: ‘बिरुर’चे साक्षी खुलाशासाठी, ‘कियुम’चे साक्षी ती गोष्ट सिद्धीस नेण्यासाठी.

मग सिद्धीस नेणारे कोणते? रब्बी मेईर म्हणतात, सही करणारे. रब्बी एलाझार म्हणतात, देताना पाहणारे. निकाल एलाझारांच्या बाजूने लागला. तर मग सह्या कशाला? जगाची घडी नीट राहावी म्हणून, असं मिश्ना सांगते. पाहणारे उद्या मरतील, परदेशी जातील. तुम्ही ‘देतेवेळचे साक्षी’ आणि ‘सहीचे साक्षी’ असा फरक ठेवा. पहिल्यांना ‘साक्षीदार’पेक्षा ‘साक्षी’ शोभेल; पाणिनीच्या सूत्रात साक्षी म्हणजे साक्षात पाहणाराच.

तिसरा प्रतिसाद: कोकणातल्या आपल्या बेने इस्राएलांचा याच्याशी काही संबंध आला का?

प्रतिसाद: आला, आणि तो त्यांना महागात पडला. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बीनेटने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च धर्मसंस्थेने, आदेश काढला, की बेने इस्राएल माणसाचं लग्न इतर ज्यूंशी लावण्याआधी त्याच्या पूर्वजांची चौकशी करावी. शंका अशी, की त्यांच्या पूर्वजांना गेटचे नियम ठाऊक नसतील. मग सोडलेल्या बाईचं दुसरं लग्न शास्त्राने लग्नच नाही, आणि त्यातली संतती ‘मामझेर’, म्हणजे निषिद्ध संबंधातली, जिला इतर ज्यूंशी लग्नाची मनाई. अलिबाग-पेणकडून गेलेल्या मराठी बोलणाऱ्या कुटुंबांना हा अपमान सोसवला नाही. जेरुसलेममध्ये निदर्शनं झाली आणि १९६४ मध्ये तो आदेश बदलावा लागला.

प्रश्न: श्तार राहिलाच. आणि तो गेट, ती गेट की ते गेट?

प्रतिसाद: श्तारला ‘खत’. करारात दोघांच्या अटी आल्या, खत एकाने दुसऱ्याला लिहून द्यायचं. गेट हिब्रूत पुल्लिंगी आहे, ‘तो’च ठेवा. ‘ते गेट’ लिहिलंत तर वाचणारा फाटक शोधत बसेल.