गॅरेजवाला सात आठवडे गाडी देत नाही आणि बाबा तक्रार करू देत नाहीत (इंदूर)

सुदामानगरची

नमस्कार मंडळी. इंदूरची मराठी आहे, मधेमधे हिंदी डोकावेल, चालवून घ्या.

बाबांची वॅगनआर आहे, 2012 ची, पेट्रोल. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आम्ही ओंकारेश्वरला गेलो होतो. परतताना बडवाहला पेट्रोल भरलं, आणि पुढे भेरूघाट चढताना बोनेटमधून वाफच वाफ. भावाने बाटलीतलं पाणी ओतलं आणि तशीच अर्धा किलोमीटर दामटली. ती चूक आमची, मान्य आहे. मग बंदच पडली. टोइंग करून रात्री इंदूरला आणली आणि बाबांच्या गॅरेजवर सोडली.

बाबांचं गॅरेज म्हणजे बाबांकडे स्कूटर होती तेव्हापासूनचं. जुने उस्ताद तीन वर्षांपूर्वी वारले, आता मुलगा बघतो. त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं की हेड गॅस्केट गेलंय, हेड (इंजिनाचं वरचं झाकण) वाकलंय, लेथवर नेऊन फेसिंग, म्हणजे घासून सपाट, करावं लागेल. 18,000 रुपये, आठ दिवस. मी 10,000 यूपीआयने लगेच दिले. कागदावर काहीच नाही, कारण बाबा म्हणाले, "त्याच्याकडून काय कागद घ्यायचा?"

मग होळी आली. मग रंगपंचमीची गेर, आमच्याकडची रंगांची मिरवणूक, म्हणजे पुढचे दोन दिवस गॅरेजात माणूस नाही. मग मुलं गव्हाच्या कापणीला गावी गेली. मग पार्ट दिल्लीहून निघाला, तो अजून चालतच येत असावा. दर वेळी "परसों पक्का". आपल्या मराठीतही परवा मागचा आणि पुढचा एकच असतो, पण हा परसों कुठल्याच बाजूला सापडत नाही.

गेल्या आठवड्यात नवीन: "दीदी, बोर भी करना पड़ेगा, 46 लगेंगे." म्हणजे सिलिंडर आतून घासायचे, आणि सगळे मिळून 46,000. मी म्हटलं, राहू दे, आहे तशी दे, दुसरीकडे नेते. तर म्हणाला, "इंजन खुला पड़ा है, तगारी में ले जाओ." तगारी म्हणजे घमेलं. आणि न्यायची असेल तर आधी केलेल्या कामाचे पैसे, शिवाय रोजचे 200 रुपये पार्किंग. मला गाडी जवळून बघू दिली नाही. मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे म्हणे. तसाही तो माझ्याशी धड बोलत नाही, "बाबूजी को भेजो" म्हणतो, आणि बाबूजी गेले की चहा पाजून परत पाठवतो.

आता खरी गोष्ट. काल फास्टॅगमध्ये पैसे कमी असल्याचा मेसेज आला म्हणून बाबांचा फोन उघडला. ते मेसेज वाचत नाहीत, 900 न वाचलेले पडलेत. त्यात मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातले दोन: देवास रोडचा टोल, सकाळी जाताना एक आणि त्याच रात्री येताना एक. तेव्हा तर इंजिन तगारीत होतं ना?

बाबांना दाखवलं. म्हणाले, टोलवाल्यांची चूक असेल, उस्तादचा मुलगा असं करणार नाही. पोलिसाचं नाव काढलं तर त्या दिवशी जेवले नाहीत.

विचारायचं हे की तो गाडी अशी अडवून ठेवू शकतो का? 46,000 द्यावेच लागतील का? आरसी बाबांच्या नावावर आहे, मग तक्रार मी करू शकते का? आणि हे सगळं बाबांचं मन न मोडता कसं करायचं, कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

पोहे_जलेबी

ताई, सरळ चार जणं घेऊन जा, ताडपत्री काढा, ढकलत आणा. चौथा मी. छप्पन दुकानवर पोहे खाऊन निघू.

वकील_नाही_पण

वरचा सल्ला अजिबात ऐकू नका. ढकलत आणली की तोच ठाण्यात जाईल आणि कामाचे पैसे बुडवून गाडी पळवली म्हणेल.

मी वकील नाही, पण ग्राहक आयोगात दोन केसेस स्वतः लढलोय, त्यातली एक हरलो. तेवढं जाणतो ते लिहितो.

अडवून ठेवू शकतो का? थोडंफार, हो. 1872 च्या करार कायद्यात कलम 170 आहे. ज्याने तुमच्या वस्तूवर मेहनत किंवा कारागिरी केली, तो त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेऊ शकतो. पण हक्क फक्त त्याच कामाच्या पैशांपुरता आहे आणि काम ठरल्याप्रमाणे झालेलं असावं लागतं. कायद्यातलंच उदाहरण जवाहिऱ्याचं आहे: हिरा कापून, पॉलिश करून झाला की पैसे मिळेपर्यंत जवाहिरा तो ठेवू शकतो. तुमचा हिरा तर अजून पॉलिश झालेलाच नाही, आणि हा तीन हिऱ्यांचे पैसे मागतोय. बोअरचं काम तुम्ही सांगितलेलंच नाही, ते पैसे कुठून आले? पार्किंगचंही तेच. आधी ठरलं नव्हतं, बोर्डावर लिहिलेलं नव्हतं, तर कशाच्या आधारावर मागतो ते लेखी मागा. बहुतेक लेखी येणार नाही.

टोलचं प्रकरण खरं निघालं तर कलम 154 लागतं. ठेवायला दिलेली वस्तू मालकाला न विचारता वापरली, तर त्या वापरात झालेलं नुकसान त्याने भरून द्यायचं. आणि वेळेत परत केली नाही तर त्यानंतरच्या नुकसानीला तो जबाबदार, ते कलम 161. फौजदारीत विश्वासघाताचं कलम आता भारतीय न्याय संहितेत 316 आहे, पण पोलीस पहिल्या झटक्यात "ये तो लेन-देन का मामला है" म्हणतील, तयारी ठेवा.

आरसीची काळजी नको. ग्राहक म्हणजे ज्याने पैसे देऊन सेवा घेतली तो. यूपीआय तुमच्या खात्यातून गेलंय ना? झालं. सुरुवात 1915 ने करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मोफत आहे. तिथून सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, वकील लागत नाही, दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवर दाखल होते, जुन्या ई-दाखिल पोर्टलची जागा आता त्याने घेतलीय. लवकर निकाल लागेल ही आशा मात्र नको. कायद्यात तीन महिने लिहिलेत, माझ्या जिंकलेल्या केसला दोन वर्षं लागली.

पोहे_जलेबी

आणि 181? सीएम हेल्पलाइन? आमच्याकडे लोक नळाला पाणी नसलं की आधी 181 लावतात.

वकील_नाही_पण

181 सरकारी खात्यांसाठी आहे, गॅरेजवाल्यासाठी नाही. ठाण्यात अर्जच घेत नसतील तर त्याविरुद्ध 181 लावा, किंवा मंगळवारी कलेक्टर कचेरीतल्या जनसुनवाईत जा. त्याआधी नाही.

पीथमपूर_रिटायर्ड

ताई, 31 वर्षं पीथमपूरला इंजिनांत गेली. कायदा राहू द्या, लोखंडाचं सांगतो.

घाटात गाडी तापली, तशीच दामटली, हेड वाकलं. इथपर्यंत त्याचं खरं वाटतं. हेड ॲल्युमिनियमचं असतं, तापलं की वाकतं. फेसिंगही बरोबर. पण आधी हेडची हायड्रो टेस्ट (दाबाने पाणी सोडून तडा शोधणं) केली का विचारा, तडा असेल तर नुसतं घासून काही होत नाही. आणि तापलीच का, हे कुणी शोधलं का? वॉटर पंप, थर्मोस्टॅट, रेडिएटर चोक, पंखा. मूळ कारण तसंच राहिलं तर नवीन गॅस्केट पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जाईल.

बोअरचं मला पटत नाही. गाडी आधी निळा धूर सोडत होती? दोन सर्व्हिसिंगच्या मधे ऑइल कमी व्हायचं? नसेल तर बोअर कशाला? पिस्टन चिकटून सिलिंडरला ओरखडे पडले असतील तर गोष्ट वेगळी, पण ते डोळ्यांना दिसतात आणि नखाला लागतात. त्याला म्हणा, तीन सिलिंडर आहेत, तिन्हीचे फोटो पाठव, बोअर गेजचं माप लिहून दे. खरा मेकॅनिक असेल तर चिडणार नाही, उलट हौसेने दाखवेल. आणि जुनं गॅस्केट मागा. जुना पार्ट परत मागणं हा तुमचा हक्क आहे, ओळख असो की नसो.

एक सांगतो, राग नको. इंजिन खरंच उघडं असतं तर त्याने तुम्हाला शेडमध्ये ओढत नेऊन दाखवलं असतं. उघडं इंजिन दाखवूनच तर पैसे वाढवतात.

विश्वामित्रीकाठची

मी बडोद्याची. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी सोसायटीत शिरलं, आमची गाडी सीटपर्यंत बुडाली, आणि मग चार महिने वर्कशॉपमध्ये. तेव्हा सगळ्या शहराच्याच गाड्या रांगेत होत्या, त्यामुळे कुणाला काय बोलणार. पण एक गोष्ट शिकले. प्रत्येक बोलण्यानंतर त्याच दिवशी व्हॉट्सॅप करायचा: "आज आपण फोनवर बोललो, तुम्ही 18,000 आणि आठ दिवस सांगितले होते, आज 46,000 म्हणालात, मी बोअरला होकार दिलेला नाही." समोरच्याने उत्तर नाही दिलं तरी तुमच्याकडे तारीखवार नोंद राहते. बिल नसताना आम्हाला तीच कामी आली.

टोलवरून लगेच आरोप करू नका. फास्टॅगचे पैसे चुकून कापले जातातच, आमच्या घरात उभ्या गाडीचे दोनदा कापले गेलेत. 1033 ला, महामार्गाच्या हेल्पलाइनला, फोन करा आणि ज्या बँकेचा टॅग आहे तिथे वाद नोंदवा. आणि परिवहनच्या ई-चलान साइटवर गाडीचा नंबर टाकून बघा. इंदूरच्या चौकाचौकांत कॅमेरे आहेत म्हणतात, तर काहीतरी सापडेल. विम्याची तारीखही बघा. त्याने कुणाला ठोकलं तर नोटीस मालकाच्या म्हणजे तुमच्या बाबांच्या नावाने येईल.

बाबांच्या बाबतीत: पोलीस, कोर्ट हे शब्दच काढू नका. फक्त म्हणा, चला, गाडी बघून येऊ.

सुदामानगरची

सगळ्यांचे आभार, पोहे_जलेबी तुमचेसुद्धा.

ई-चलान काही नाही. विमा जूनपर्यंत आहे, हुश्श. पीथमपूरवाले काका, धूर कधीच नव्हता, ऑइलही कमी होत नव्हतं. काल वडोदरावाल्या ताईंनी सांगितला तसा व्हॉट्सॅप केला. दोन निळ्या टिक आल्या, उत्तर नाही. मग तासाभराने बाबांना फोन: "बाबूजी, दीदी नाराज हैं क्या?" बाबा उलट माझ्यावरच चिडले.

रविवारी सकाळी "बघून येऊ" म्हणून घेऊन जातेय. काका, एक विनंती. तुम्ही याल का? इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही.

पीथमपूर_रिटायर्ड

येतो. पत्ता इथे टाकू नका, मेसेजमध्ये पाठवा. गॅरेजवाल्याचं नावही इथे लिहू नका.

सुदामानगरची

गाडी घरी आली. काय झालं ते लिहिते, कुणाच्या उपयोगी पडेल.

आम्ही न सांगता नऊला पोचलो. तो अजून आला नव्हता, फक्त एक पोरगा झाडत होता. बाबांना ओळखतो, त्याने काही न विचारता शेड उघडलं. ताडपत्री होती, पण तिच्यावर धूळ नव्हती. काकांनी बोनेट उचललं. इंजिन पूर्ण बसवलेलं, हेडच्या कडेला नवीन सीलंट. काका काही बोलले नाहीत, ऑइलची कांडी काढून फडक्यावर पुसली आणि मला दाखवली. ऑइल स्वच्छ होतं, पाणी मिसळल्यावर होतं तसं दुधाच्या चहासारखं नाही. म्हणजे काम झालेलं, आणि त्यांच्या मते बरंच आधी.

मी बाबांकडे बघत होते. ते ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. मला वाटलं, दम लागला. त्यांनी चावी फिरवली, चष्मा लावला, मीटरवर वाकून आकडा वाचला. मग खिशातून त्यांची ती लांबट डायरी काढली. आमच्याकडे गाडी आल्यापासून दर पेट्रोलला बाबा किलोमीटर आणि लिटर लिहितात, आम्ही सगळे त्यावरून त्यांची थट्टा करतो. शेवटची ओळ बडवाहची होती, 68,412. तिथून घाटापर्यंत फार तर 30 किलोमीटर, पुढे गाडी टोइंगवर. मीटरवर 69,027 होते.

बाबांनी वजाबाकी डायरीतच केली, दोनदा. मग डायरी बंद करून तिथेच बसून राहिले, उस्तादचा मुलगा येईपर्यंत.

तो आला, आम्हाला बघून थांबला. पहिल्यांदा म्हणाला ट्रायल घेतली. बाबा म्हणाले, "पाँच सौ पचासी किलोमीटर की?" मग गप्प. मग मेहुण्याच्या घरी लग्न होतं, दुसरी गाडी नव्हती, वगैरे. बोअरचा आकडा कुठून आला तर म्हणाला, वाटलं तुम्ही नाही म्हणाल आणि थोडे दिवस मिळतील. म्हणजे 46,000 त्याला खरे हवेच नव्हते! यावर मला हसावं की काय कळेना.

शेवटी ठरलेले 18,000 आणि वॉटर पंपाचे वेगळे, पंपाचं बिल त्याच्याकडे होतं. पार्किंगचा विषय त्याने काढला नाही. काकांनी जुनं गॅस्केट मागितलं, दोन सिलिंडरच्या मधे जळून काळं पडलेलं होतं, ते त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून मला दिलं. मी बिलावर "हेड फेसिंग, गॅस्केट, वॉटर पंप" असं लिहून, सही करून घेतलं. बाबांनी बाकीचे पैसे स्वतः दिले, रोख, मोजून. तो पाया पडायला वाकला तर म्हणाले, "रहने दे." 1915 ला तक्रार केली नाही. करायला हवी होती असं तुमच्यापैकी काही म्हणतील, पण बाबांच्या समोर मला जमलं नाही.

येताना भावाने चालवली. बाबा मागे बसले आणि बिचोली येईपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, टाकी जवळजवळ रिकामी करून ठेवली पोराने.

एक शंका राहिली, पीथमपूरवाले काका. सकाळी पहिल्यांदा चालू केली की एक-दोन मिनिटं सायलेन्सरमधून पाण्याचे थेंब पडतात, मग थांबतात. कूलंटची पातळी बरोबर आहे. घाबरायचं का?

पीथमपूर_रिटायर्ड

नाही. थंड इंजिनात ते होतं. रोज सकाळी इंजिन गार असताना कूलंटच्या बाटलीवर खूण बघा, आठवडाभर. खाली गेली तर सांगा. आणि बाबांना म्हणा, डायरीत तेही लिहा.