हॉबवर भांडी काळी होतायत, सिलिंडरही पुरत नाही

आमटीभात: मे महिन्यात आम्ही ठाण्याहून साताऱ्याला आलो. तिथला तीन बर्नरचा काचेचा हॉब सोबत आणला, सुताराकडून ओट्यात बसवून घेतला. तेव्हापासून ज्योत पिवळी आणि लांबच लांब. दुधाच्या पातेल्याचं बूड चार दिवसांत तव्यासारखं झालं, फुलक्यावर काजळीचे ठिपके. १४.२ किलोचा सिलिंडर तिघांना जेमतेम २२ दिवस. बर्नर दोनदा घासले, पिनेनं भोकं साफ केली. सासूबाई रोज जुन्या शेगडीची आठवण काढतात. काय चुकतंय?

खिडकीतली_तुळस: बर्नर ओले लावले असतील, नाहीतर वरची टोपी खाचेत बसली नसेल. आमच्याकडे दूध उतू गेलं की हेच होतं.

आमटीभात: उन्हात वाळवूनच लावले हो.

शेवग्याची_शेंग: घासणं थांबवा. ठाण्यात पाइपचा गॅस होता ना?

आमटीभात: हो! का?

शेवग्याची_शेंग: मग जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या, पाइपच्या गॅसचे आहेत. तो गॅस कमी दाबानं येतो आणि तेवढ्याच गॅसमधून उष्णताही कमी मिळते, म्हणून त्याच्या जेटचं भोक मोठं असतं. त्यातून आता सिलिंडरचा गॅस सोडताय. गॅस भसाभसा येतो, त्याला हवा पुरत नाही, अर्धवट जळतो. तीच तुमची काजळी, आणि तेच २२ दिवस.

माझं उलटं झालं होतं. पाइप आला, आणि वरणाला शिटीच होईना. कारागिरानं जेट बदलले, जुने पुडीत बांधून दिले. मोहरीच्या डब्यामागे अजून आहेत. तुमच्याकडेही अशी पुडी असेल, शोधा. पण स्वतः पाना लावू नका. तिन्ही बर्नरचे जेट सारखे नसतात, शिवाय हवेची झडप आणि मंद आचेचा स्क्रूही जुळवावा लागतो. कंपनीचा माणूस बोलवा. तोवर हा हॉब पेटवूच नका. अशा ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. इंडक्शनवर भागवा.

आणि सिलिंडर ओट्याखालच्या कपाटात आहे का? हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो. दाराला अगदी खाली जाळी हवी. वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, पंखा-दिव्याच्या बटणाला हात नाही, आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन.

आमटीभात: पुडी सापडली, मिक्सरच्या खोक्यात! काल माणूस येऊन जेट बदलून गेला. ज्योत निळी, आखूड. नॉब मोठा केला तरी पातेल्याच्या बुडाबाहेर जात नाही. कपाटाला मात्र खाली फटसुद्धा नव्हती. सुतार रविवारी येतोय, तोवर दार काढून ठेवलंय. सासूबाई म्हणाल्या, "आता पातेली कोण घासणार?"