मदत हवी आहे: वाळवीच्या वारुळातले भुंगेरे ओळखायचे कशावरून?

नमस्कार मंडळी,

राजापूरजवळ सड्यावर आमची कलमांची बाग आहे. गडगा घालताना मध्ये आलेलं एक जुनं वारूळ गड्यांनी पहारीने अर्धं फोडलं. आत वाळवीने वाढवलेल्या बुरशीच्या बागा आहेत, सैनिकांच्या डाव्या जबड्यावर दात आहे, म्हणजे वाळवी ओडोन्टोटर्मिस. तिच्याबद्दल शंका नाही. प्रश्न आहे तो त्या बागांमधून फिरणाऱ्या भुंगेऱ्यांचा.

एक जेमतेम दोन मिलिमीटरचा, तांबूस-पिवळा. पुढून रुंद, डोकं पाठीखाली पार झाकलेलं, मागे निमुळता. कठीण पंख आखूड, त्यांच्यामागे पोटाचे खंड उघडे. भिंगातून पाहत होतो तेव्हा एक सैनिक त्याला पुन्हा पुन्हा चावायला गेला आणि दर वेळी जबडा पाठीवरून घसरला. भुंगेरा थांबलासुद्धा नाही.

दुसरा थोडा मोठा, तपकिरी. मिशांच्या टोकाला मिटलेल्या पात्या, पंखांच्या मागच्या टोकाला सोनेरी केसांचे झुपके. कामकरी वाळव्या येता-जाता ते झुपके चाटत होत्या.

पहिला स्टॅफिलिनिडी (आखूडपंखी भुंगेरे) कुळातला, दुसरा स्कॅरॅबिडी (शेणकिड्यांचं कुळ), इथवर मी पोचलो. पुढे अडलोय. वाचायला मिळतं ते बरंचसं कीटकशास्त्रज्ञ एरिक वास्मान (१८५९–१९३१) यांच्या पद्धतीने लावलेलं: वाळवी ज्यांना जपते ते, नुसतं खपवून घेते ते, आणि तिची शिकार करणारे. पण ही विभागणी वागण्याची झाली, वंशाची नव्हे. यजमानावरून ठरवावं तर डोरिलोक्झेनस ही भुंगेऱ्यांची प्रजाती (जीनस) आफ्रिकेत लष्करी मुंग्यांबरोबर राहते आणि आपल्याकडे वाळवीबरोबर. मग भरवसा नेमका कोणत्या अवयवावर ठेवायचा?

घरात वारुळाला औषध घालायचं चाललंय, वाळवी कलमांच्या मुळांशी पोचल्येय म्हणून. ते थांबवणं माझ्या हातात नाही. त्याआधी निदान आत कोण राहत होतं याची नीट नोंद व्हावी, एवढीच तळमळ आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

पहिल्याच्या बाबतीत आकार बाजूला ठेवा. तो निमुळता, घसरता आकार आखूडपंखी भुंगेऱ्यांच्या वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे आलाय. म्यानमारच्या सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरात (झाडाच्या अश्मीभूत राळेत) सापडलेला भुंगेरा क्रेटोट्रायकॉप्सेनियस (२०१७ साली वर्णन झालं) याच घडणीचा आहे. मिशा कुठून निघतात ते आधी बघा. दोन डोळ्यांच्या मधून, आतल्या कडेजवळून निघत असतील तर उपकुळ अलिओकॅरिनी. मग तिन्ही जोड्यांच्या पावलांचे खंड वेगवेगळे मोजा, कारण या उपकुळात ते सगळीकडे सारखे नसतात आणि ट्राइब (उपकुळाखालचा गट) ठरवताना तेच कामी येतात. मिशा आखूड आणि चातीसारख्या मध्ये फुगीर असल्या तर ट्राइब पायगोस्टेनिनी. तुम्ही म्हणता तो डोरिलोक्झेनस त्यातलाच.

दुसरा मला अफोडिइनी उपकुळापैकी कोरिथोडेरिनी ट्राइबचा वाटतो. भारतात त्यातला कीटोपिस्थेस वाळवीबरोबर सापडतो. पण फोटोवरून जातीपर्यंत जाऊ नका, त्याला नमुनाच लागतो.

काही नमुने ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा (डीएनएसाठी), काही ७० टक्क्यांत, म्हणजे सांधे कडक होत नाहीत. त्याच कुपीत त्याच वारुळातले वाळवीचे सैनिक हवेतच. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, शाई अल्कोहोलमध्ये उतरते. जैवविविधता कायदा २००२ खाली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था अधिकृत संग्रहस्थान आहे, तिचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. तिथे आधी विचारा. परदेशातल्या कोणी मागितले तरी परस्पर पाठवू नका.

धागाकर्ता

मनापासून आभार. मिशा डोळ्यांच्या मधूनच निघतायत आणि मध्ये फुगीर आहेत, आत्ताच पाहिलं. पावलांचे खंड माझ्या भिंगातून मोजता येत नाहीत, त्यासाठी इथल्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक मागतो. आणखी एक विचारायचं होतं: बुरशीच्या बागेचा तुकडाही अल्कोहोलमध्ये टाकायचा, की सुकवून वेगळा ठेवायचा? त्यात बारीक पांढऱ्या अळ्या दिसतायत आणि त्या वाळवीच्या नाहीत.