हेल्मेटच्या आत कानांचे काय? इअरप्लग आणि हेडफोन वापरणाऱ्यांचे अनुभव

दुचाकीवरून लांबचा प्रवास करणाऱ्यांना डोके, गुडघे आणि पाठ यांच्या काळजीविषयी पुष्कळ सल्ले मिळतात, परंतु कानांविषयी क्वचितच कोणी बोलते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार हेल्मेट सक्तीचे आहे आणि ते घालायलाच हवे. मात्र हेल्मेट घातले की कानही सुरक्षित झाले, ही समजूत खरी नाही. ताशी ६०-६५ किलोमीटरच्या पुढे इंजिनापेक्षा वाऱ्याचा आवाज वरचढ होतो आणि ताशी १०० किलोमीटरच्या आसपास तो बंद हेल्मेटच्या आतही ९५ ते १०० डेसिबलपर्यंत किंवा त्याहून वर जातो. आपल्याकडील कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या कामासाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. अधिक कडक मानल्या जाणाऱ्या अमेरिकी शिफारशीत ती ८५ असून दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे उरतात. पुणे ते कोल्हापूर हे अंतर १५ मिनिटांत संपत नाही.

आपण इअरप्लग वापरता का, हेडफोन किंवा इंटरकॉम (स्वारांना आपसांत बोलता यावे म्हणून हेल्मेटमध्ये बसवायचे यंत्र) वापरता का, कोणत्या रस्त्यावर वापरता आणि कोणत्या रस्त्यावर टाळता, कानांना कधी त्रास झाला का, हे सविस्तर लिहावे, ही विनंती. माझे मत आधीच सांगतो: आवाज कमी करणारा इअरप्लग आणि आवाजात भर घालणारा हेडफोन या दोन गोष्टींना एकाच मापाने मोजू नये.

चाकण, प्रेस शॉपमधील कामगार

आमच्या विभागात पत्रा दाबून आकार देणाऱ्या मोठ्या प्रेस चालतात, त्यामुळे दोरी असलेले इअरप्लग घातल्याशिवाय पिवळ्या पट्टीच्या आत पाऊल टाकता येत नाही. दरवर्षी श्रवणचाचणी होते. तिचा आलेख दाखवताना तंत्रज्ञ नेहमी ४००० हर्ट्झच्या जागेवर बोट ठेवतात, कारण गोंगाटाने होणारे नुकसान प्रथम तिथे खड्ड्यासारखे दिसते आणि कानातल्या एकदा मेलेल्या संवेदनपेशी पुन्हा उगवत नाहीत. सुट्टीला मी मोटारसायकलने सोलापूरकडील गावी जातो. प्रेसजवळ ज्या पातळीच्या आवाजात मला प्लगशिवाय उभे राहू देत नाहीत, त्याच पातळीचा आवाज महामार्गावर काही तास सलग कानांवर पडतो. हे लक्षात आल्यापासून कारखान्यातील सवय मी रस्त्यावरही पाळतो.

प्लग घालण्याची रीत नीट सांगणे मला फार आवश्यक वाटते. फोमचा प्लग स्वच्छ, कोरड्या बोटांनी वळून बारीक करावा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढावा, प्लग आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवावा. पाकिटावर आवाज किती डेसिबलने कमी होतो याचा ३० च्या आसपास आकडा छापलेला असला, तरी अर्धवट बसवलेला प्लग त्याच्या निम्मेही काम करत नाही. काढताना झटका न देता हळूहळू फिरवून काढावा, कारण एकदम ओढल्यास कानाच्या पडद्यावर ताण येतो. तसेच प्लग बाहेर फार डोकावत असेल, तर हेल्मेट घालताना अस्तराला अडकून तो निसटतो. आमच्याकडचे कित्येक जण कापसाचे बोळे घालतात. त्याने वारा लागत नाही एवढेच, आवाज फारसा अडत नाही.

प्रवास संपल्यावर पूर्वी रात्री उशीवर डोके टेकले की कानात बारीक शिट्टी वाजत राहायची आणि घरच्यांचे बोलणे दुरून आल्यासारखे वाटायचे. प्लग घालू लागल्यापासून हा त्रास होत नाही आणि थकवाही स्पष्टपणे कमी जाणवतो.

सावंतवाडी, शिक्षिका

मी या चर्चेत थोडा विरोधी सूर लावणार आहे. माझा रोजचा रस्ता आंबोली घाटाचा आहे. पावसाळ्यात तिथे धुके इतके दाट असते की वळणापलीकडची गाडी दिसण्याच्या आधी तिचा आवाज येतो. चढणीवर गिअर बदलणारा ट्रक, एसटीचा हॉर्न, रस्त्यावर आलेली गुरे, वरून सुटलेला एखादा दगड, हे सगळे मला कानांनी कळते. स्कूटरचा वेग ताशी तीस-चाळीसच्या वर जात नसताना वाऱ्याच्या आवाजाचा प्रश्नही फारसा उरत नाही. मी एकदा प्लग घालून पाहिले, तेव्हा हॉर्न ऐकू येत होता हे मान्य, पण तो पुढून येतो आहे की मागून, हे चटकन कळत नव्हते, आणि घाटात तोच एक क्षण महत्त्वाचा असतो. शिवाय घाट उतरताना घट्ट बसलेल्या प्लगमागे कान दडपल्यासारखे होतात. म्हणून घाटात आणि गावात प्लग नाही, असा माझा नियम आहे आणि तो मी बदलणार नाही.

नागपूर, लांब पल्ल्याचा दुचाकीस्वार

सावंतवाडीच्या ताईंचा मुद्दा मला पूर्ण पटतो. प्लगमुळे आवाजाची दिशा ओळखण्याची क्षमता कमी होते, यात शंका नाही. मात्र मोकळ्या महामार्गावर परिस्थिती उलटी होते. तिथे वाऱ्याचा खर्जातला घोंघाट इतका असतो की मागच्या ट्रकचा हॉर्न त्यात बुडून जातो. प्लगने हॉर्न आणि घोंघाट दोन्ही खाली येतात आणि कान दडपून गेलेला नसल्यामुळे हॉर्न निदान वेगळा ओळखता येतो. मी घाट सुरू होण्याआधी थांबून प्लग काढतो आणि सपाटीवर पुन्हा घालतो. समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नसल्याने आम्ही जुन्या रस्त्यानेच जातो, तेव्हा थांबायला चहाची टपरी सापडतेच.

आता हेडफोनविषयी. आमच्या गटातील काही जण कानात बसणारे वायरलेस इअरबड घालून गाणी ऐकत असत. ताशी ९० च्या वेगाने गाणे ऐकू यायचे, तर त्याला वाऱ्याच्या वर चढावे लागते. म्हणजे आधीच घातक असलेल्या आवाजात आपण स्वतःच्या हाताने भर घालतो. आवाज रद्द करणारे महागडे इअरबडही हेल्मेटमध्ये मनासारखे चालत नाहीत, कारण त्यांच्या मायक्रोफोनवर वाऱ्याचे आणि इंजिनच्या कंपनांचे एकसारखे मार बसतात. सर्वांत मोठी भीती वेगळीच आहे: पडल्यावर हेल्मेट कानावर दाबले गेले, तर ते कडक प्लास्टिक कुठे घुसेल याचा विचार करावा.

मी हेल्मेटच्या कानाजवळच्या खोबणीत बसणारे इंटरकॉमचे सपाट स्पीकर वापरतो आणि त्याखाली फोमचे प्लग घालतो. हे प्रथम ऐकणाऱ्याला विचित्र वाटते, पण प्लगमुळे वारा आणि बोलणे दोन्ही सारख्याच प्रमाणात उतरतात आणि बोलणे उलट अधिक स्वच्छ लागते. स्पीकर अगदी कानाच्या छिद्रासमोर यावा लागतो. तो एक बोटभर सरकला तरी फरक पडतो. गाणी मी लावत नाही. पुढच्याने ‘खड्डा आहे’, ‘वाळू आहे’ एवढे सांगितले की इंटरकॉमची किंमत वसूल होते.

पुणे, घरपोच जेवण पोहोचवणारा

महामार्गाच्या चर्चेत आमच्यासारख्यांचा विचार सहसा होत नाही, म्हणून लिहितो. आम्हाला नकाशाचा आवाज ऐकणे भाग असते. तो ऐकला नाही, तर हँडलवर लावलेल्या फोनकडे पुन्हा पुन्हा पाहावे लागते आणि सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीत ते अधिक धोक्याचे आहे. फोन हातात धरून वापरणे हा कलम १८४ खाली गुन्हा आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. कानात इअरबड दिसला तरी वाहतूक पोलीस अडवतात आणि त्यात त्यांचे चुकते असे मला वाटत नाही. मी हेल्मेटमध्ये डाव्या बाजूला एकच छोटा स्पीकर बसवून घेतला आहे आणि त्यावर फक्त दिशा ऐकतो. कान उघडे राहतात.

रत्नागिरी, कान-नाक-घसा तज्ज्ञ

कोकणातल्या दमट हवेत कानाची बुरशी हा आमच्याकडचा नित्याचा आजार आहे. पावसात भिजलेला किंवा घामेजलेला फोमचा प्लग पुन्हा कानात घालणे म्हणजे त्या बुरशीला घर देणे होय. फोमचे प्लग स्वस्त असतात. मळले की टाकून द्यावेत. सिलिकॉनचे प्लग कोमट पाणी आणि साबणाने धुऊन पूर्ण वाळवावेत. ज्यांच्या कानाच्या पडद्याला छिद्र आहे किंवा कान वाहतो, त्यांनी तपासून घेतल्याशिवाय काहीही आत घालू नये. मधुमेह असणाऱ्यांनी विशेष जपावे, कारण त्यांच्यात कानाचा साधा संसर्गही गंभीर वळण घेऊ शकतो. रोज प्लग घालणाऱ्यांचा मळ आत ढकलला जातो. तो काडीने किंवा किल्लीने कोरू नये.

श्टुटगार्ट, अभियंता, मूळचा नाशिकचा

इथे दुचाकीस्वारांमध्ये इअरप्लग अगदी सामान्य आहेत. जर्मन वाहतूक नियमांच्या कलम २३ नुसार उपकरणांमुळे आपले ऐकणे बाधित होणार नाही याची जबाबदारी चालकावर असते, त्यामुळे मोठ्याने संगीत ऐकणे अडचणीचे ठरते. एक तांत्रिक गोष्ट सांगाविशी वाटते: बराचसा आवाज हनुवटीखालच्या फटीतून आत येतो आणि विंडशील्डच्या कडेवरून सुटलेला खवळलेला वारा नेमका हेल्मेटच्या खालच्या काठावर आदळला, तर तो आणखी वाढतो. प्लगवर खर्च करण्याआधी हनुवटीखालचा पडदा लावून पाहावा. चालवताना किंचित उठून किंवा वाकून आवाज बदलतो का, तेही तपासावे. बदलत असेल, तर दोष हेल्मेटचा नसून विंडशील्डच्या उंचीचा आहे.

सातारा, मागे बसणारी

सगळे चालवणाऱ्यांच्या कानांविषयी लिहीत आहेत. मागे बसणाऱ्याच्या हेल्मेटवर चालकाच्या खांद्यांवरून फुटलेला वारा येतो आणि मला तरी तो यजमानांपेक्षा अधिक ऐकू येतो. मी प्लग घालते, पण मोठ्यांच्या मापाचा फोम माझ्या कानात दुखायचा. लहान मापाचे प्लग वेगळे मिळतात, हे औद्योगिक सुरक्षेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात विचारल्यावर कळले. औषधांच्या दुकानात बहुधा एकच माप असते. दोघांच्याही कानांत प्लग असल्याने बोलणे होत नाही, म्हणून आम्ही खुणा ठरवल्या आहेत: खांद्यावर एक थाप म्हणजे वेग कमी करा, दोन थापा म्हणजे सोय पाहून थांबा, आणि सलग थोपटले तर लगेच कडेला घ्या.