विषय: रान घेतलं, टॅक्स मात्र प्लॉटचा आला

मंडळी नमस्कार,
गेल्या साली अमेरिकेत कनेक्टिकटमधे ३१ एकर घेतलं, एक छोटं घर आन बाकी सगळी झाडी. एजंटनं जुन्या मालकाचं टॅक्सचं बिल दाखवलं ते एवढुसं होतं, त्याच भरवशावर घेतलं, आता माझ्या नावानं आलं ते बघून घामच फुटला बगा. आमच्या औंढ्याच्या माळाचा शेतसारा सांगितला तर इथले लोक हसतील, आन पोटखराबाला, म्हणजे पीक न निघणाऱ्या जमिनीला, तर आकारच नाही! माझं चुकलं कुठं?
– हिंगोलीकर

Re: हिंगोलीकर, एजंटनं अर्धंच सांगितलं तुम्हाला. कनेक्टिकटमधे १९६३चा पब्लिक ॲक्ट ४९० हा कायदा आहे, शेत, जंगल, मोकळी जागा यांना प्लॉटच्या भावानं नाही तर आजच्या वापराच्या हिशोबानं टॅक्स. पण ही सवलत मालकासोबत असते, जमीन विकली की संपली. आपल्याकडं वर्ग दोनचा शेरा (विकायला सरकारची परवानगी लागते ती जमीन) नुसता मालक बदलला म्हणून सातबाऱ्यावरून हलत नाही, इथं बरोबर उलटं. तुम्ही नव्यानं अर्ज करा, टाउनच्या असेसरकडं (टॅक्ससाठी जमिनीची किंमत ठरवणारा अधिकारी), एरवी १ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबरमधे. जंगलाला २५ एकर लागतं, घर-अंगणाची जागा सोडून, म्हणजे तुमचं बसायलंय. आधी सर्टिफाइड फॉरेस्टरचा, म्हणजे मान्यताप्राप्त जंगल-तज्ज्ञाचा, रिपोर्ट घ्या, फी आपल्या खिशातून. घरी बसून लिहिलेली पीकपाहणी नाही ही, तो खरंच रानात फिरतो.
आन एक, १० वर्षांच्या आत विकलं किंवा बंगले बांधायला काढलं तर भुर्दंड आहे, पहिल्या वर्षी किमतीच्या १० टक्के, मग दरसाल एकेक टक्का उतरत जातो. पोरांना बक्षीस दिलं तर तो लागत नाही, फक्त त्यांनी पुन्हा अर्ज करायचा.
– परभणीचा काका

Re: Re: काका, आमचं १८च एकर आहे, मोकळ्या जागेत बसेल का हो?
– नांदेडची वहिनी

वहिनी, ते टाउनवर आहे. टाउनच्या आराखड्यात तशी जागा दाखवलेली पाहिजे आन टाउननं ती मंजूर केलेली पाहिजे, पुष्कळ टाउननी हे केलेलंच नाही. शेतीला मात्र एकराची अट नाही, पण खरी शेती लागते, अंगणातली मेथी चालत नाही.
– काका

मेथी नाही, अंबाडी आहे. दोन वाफे. 😄
– वहिनी

काका, फॉरेस्टरला फोन लावला, गुरुवारी येतो म्हणाला. बूट घालून तयार राहा म्हणला.
– हिंगोलीकर