सासूबाईंचा एमआरआय नॉर्मल आला, मग पार्किन्सन्स कशावरून?

मधली_सून:

नमस्कार मंडळी. सासूबाईंबद्दल विचारायचं आहे. वय ६८, एरवी खुटखुटीत. दीड-दोन वर्षांपूर्वी उजवा खांदा आखडला. शेक, व्यायाम, इंजेक्शन सगळं झालं, पण फरक जेमतेम. नंतर माझ्या लक्षात आलं की चालताना त्यांचा डावा हात हलतो आणि उजवा अंगाला चिकटून राहतो. हुक-बटणं लावायला वेळ लागायला लागला. सही करताना पहिलं अक्षर नेहमीसारखं आणि शेवटचं वाचायला भिंग हवं, अशी गत. टीव्ही बघत बसल्या की उजवा अंगठा आणि त्याशेजारचं बोट एकमेकांवर घासत राहतात. काही उचलायला हात पुढे केला की थांबतं.

न्यूरॉलॉजिस्टनी पंधरा-वीस मिनिटं तपासलं आणि एमआरआय काढायला लावला. रिपोर्टमध्ये 'वयानुरूप बदल, बाकी विशेष काही नाही'. तरी त्यांचं म्हणणं, पार्किन्सन्सच आहे, लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी सुरू करू.

घरात यावरून चार तट. मोठे दीर म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल असताना जन्मभराची गोळी कशाला? नणंद म्हणते डॅटस्कॅन करा. नवऱ्याने कुठेतरी वाचलंय की पाठीतलं पाणी काढून एक नवी चाचणी करतात, त्यात आजार पक्का कळतो. आणि ओळखीच्या एका बाईंनी सांगितलं की ही गोळी लवकर घेतली तर तिचा गुण लवकर संपतो, म्हणून जितकी लांबवता येईल तितकी लांबवा. सासूबाईंचं स्वतःचं मत: "मला काही धाड भरलेली नाही, माझ्याकडे टक लावून बघणं आधी बंद करा."

नुसतं बघून मेंदूचा आजार ठरवतात का? कोणती चाचणी करून घ्यावी?

स्पष्टवक्ता_७:

डॅटस्कॅन करून मोकळे व्हा. आमच्या मामांचाही असाच घोळ चालला होता, स्कॅनमध्ये स्पष्ट दिसलं. हल्लीच्या काळात डॉक्टरांच्या अंदाजावर कोण बसतं?

निवृत्त_लॅबवाली:

सूनबाई, मी डॉक्टर नाही. पण मला स्वतःला पार्किन्सन्स आहे आणि निवृत्त होईपर्यंत मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते, तेव्हा दोन्ही बाजूंनी थोडं बोलू शकते. आयुष्यभर लोकांच्या हातात रिपोर्ट दिले, आणि मला झाला तो नेमका रिपोर्ट नसलेला आजार.

आधी एमआरआय. मेंदूच्या बुंध्यात सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर पट्टा असतो. तिथल्या, हालचालींना लागणारं डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशी या आजारात मरतात. हात कापायला लागेपर्यंत साधारण निम्म्या किंवा त्याहून जास्त गेलेल्या असतात, तरी नेहमीच्या एमआरआयमध्ये ते उमटत नाही. मग काढतात कशाला? तर दुसरं काही नाही ना हे बघायला. बारीकसारीक पक्षाघात होऊन गेलेत का, मेंदूत पाणी साचलंय का, गाठ आहे का. म्हणजे नॉर्मल रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांच्या विरुद्ध जात नाही, त्यांच्याच बाजूने बोलतो. मोठ्या दिरांना हे सांगून बघा.

आता त्या पंधरा मिनिटांत काय बघितलं ते. माझ्या वेळी अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवून उघडायला सांगितली होती, जितकी मोठी उघडतील तितकी. पहिल्या चार-पाच वेळा झकास. मग बोटांमधलं अंतर आपोआप कमी होत गेलं, मध्येच एकदा बोटं अडली, आणि मला मात्र वाटत होतं की मी तेवढीच उघडतेय. डाव्या हाताला असलं काही नाही. हा जो आवाका घटत जातो, तो निदानाचा कणा आहे. नुसता मंदपणा म्हातारपणातही असतो. मग डॉक्टरांनी माझं उजवं मनगट हातात धरून फिरवलं आणि दुसऱ्या हाताची मूठ उघड-मीट करायला लावली. तसं करताच उजवं मनगट दातेरी चाकागत अडखळायला लागलं. नंतर हात मांडीवर सैल सोडून १०० मधून ७ वजा करत जायला सांगितलं. मी ८६ की ७९ करत बसले आणि तिकडे हात आपला सुरू! मन गुंतलं की कंप बाहेर येतो, म्हणून हा आकडेमोडीचा खेळ. शेवटी मागे उभं राहून खांद्यांना झटका देतात, तोल सावरतो का बघायला. तुमच्या सासूबाईंचं एकाच बाजूने सुरू होणं, अक्षर बारीक होणं, हात न हलणं, आरामात असताना कंप, हे सगळं याच गोतावळ्यातलं. आखडलेला खांदासुद्धा. खांद्यावर उपचार घेत राहिलेले आणि मागाहून पार्किन्सन्स निघालेले बरेच असतात.

त्यांना दोन गोष्टी जरूर विचारा, डॉक्टरांनी विचारल्या नसतील तर. वास येणं कमी झालंय का? आणि झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं, स्वप्नातली मारामारी अंथरुणात करणं असं काही? (हे सासऱ्यांना विचारा, मार त्यांनी खाल्लेला असतो.) जुनी बद्धकोष्ठताही यात मोडते. ही लक्षणं कंपाच्या कित्येक वर्षं आधी येऊ शकतात.

बघून केलेलं निदान चुकत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. जेम्स पार्किन्सननी १८१७ साली यावर निबंध लिहिला तो सहा माणसांवरून, आणि त्यातली काही तर रस्त्यात पाहिलेली. तिथून बरीच मजल मारली आहे, तरी लंडनच्या ब्रेन बँकेने १९९२ मध्ये पार्किन्सन्सचं निदान झालेल्या १०० जणांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले तेव्हा ७६ मध्येच तो निघाला. बाकीच्यांत बहुतेक त्याचे चुलतभाऊ, म्हणजे वरून तसेच दिसणारे दुसरे आजार होते: एमएसए, पीएसपी वगैरे. पुढे निकष कडक झाले आणि फक्त हेच आजार बघणाऱ्या तज्ज्ञांच्या हातात अचूकता बरीच वाढली. म्हणून कंपवातात, म्हणजे याच आजारात, मुरलेल्या न्यूरॉलॉजिस्टचं दुसरं मत घ्यायचं असेल तर बेलाशक घ्या. मला विचाराल तर आधी डॅटस्कॅन करण्यापेक्षा ते जास्त कामाचं. आणि निदान एका भेटीत संपत नाही. पहिल्या तीन वर्षांत वारंवार पडणं, नजर खाली न वळणं, गोळीचा भरपूर डोस देऊनही ढिम्म फरक नसणं, असं काही दिसलं तर डॉक्टर स्वतःच फेरविचार करतात.

आता डॅटस्कॅन. शिरेतून थोडं किरणोत्सारी औषध देतात आणि तीनेक तासांनी किंवा त्याहून उशिरा चित्र घेतात. डोपामिनच्या तारा, म्हणजे त्या पेशींचे धागे, शाबूत असतील तर दोन्ही बाजूंना स्वल्पविराम दिसतात. त्या गेल्या असतील तर शेपूट गळून पूर्णविराम उरतो. पण एमएसए आणि पीएसपीमध्येही शेपूट गळतं. म्हणजे वर सांगितलेल्या चुलतभावांतून निवड करायला हा स्कॅन कुचकामी. हात काहीतरी धरताना कापतो तो साधा कंप की पार्किन्सन्स, असा पेच असेल तेव्हा त्याचा उपयोग. तुम्ही लिहिलंय तो कंप तर हात पुढे केला की थांबतो. स्पष्टवक्ता, तुमच्या मामांच्या डॉक्टरांपुढे तसा पेच असेलही.

तुमच्या यजमानांनी वाचलंय ते खरं आहे, आणि माझ्यातली लॅबवाली त्यावर फिदा आहे. आल्फा-सिन्युक्लीन नावाचं प्रथिन या आजारात चुकीच्या घडीचं होतं. पाठीतल्या पाण्याच्या नमुन्यात प्रयोगशाळेतलं चांगलं सिन्युक्लीन घालतात आणि हलवत, उबेत ठेवतात. नमुन्यात वाकड्या घडीचा एखादा कण जरी असला तरी ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या! चांगलेही त्याच घडीचे होत जातात आणि त्यांना चिकटणारा रंग चमकायला लागतो. २०२३ मध्ये १,१२३ जणांवरचा अभ्यास आला. पार्किन्सन्सच्या सुमारे ८८ टक्के रुग्णांत चाचणी पॉझिटिव्ह, निरोगी लोकांत सुमारे ९६ टक्क्यांत निगेटिव्ह. आकडे उत्तम. पण निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असं म्हणता येत नाही, आणि पॉझिटिव्ह आली तरी उद्या सकाळी गोळी तीच. एमएसएमध्येही सिन्युक्लीनच बिघडतं, हा आणखी एक गुंता.

ती चाचणी खरी हवी आहे संशोधकांना. आजवर आजाराचा वेग कमी करायला म्हणून जी औषधं तपासली, त्यांत भरती झालेल्या कोणाच्या मेंदूत नक्की काय बिघडलंय हे जिवंतपणी कळायची सोय नव्हती. सिन्युक्लीनवरच नेम धरलेल्या दोन अँटिबॉडींचे निकाल २०२२ मध्ये आले, दोन्हींचं मुख्य उद्दिष्ट हुकलं. मधुमेहाच्या एक्सेनाटाइडवर फार आशा होती. ९६ आठवड्यांच्या मोठ्या चाचणीत तेही फुकट गेलं. औषध वाईट, की दिलं फार उशिरा, की दिलं चुकीच्या माणसांना? हे सोडवायचं तर माणसं आधी आणि नेमकी ओळखता यायला हवीत. वास गेलेले, झोपेत हातपाय झाडणारे, पण अजून कंप नसलेले काही लोकही या चाचणीत पॉझिटिव्ह येतात, म्हणून एवढा उत्साह. सासूबाईंच्या पाठीत सुई घालायला हे कारण पुरेसं नाही.

राहिलं गोळी लांबवण्याचं. याचा मला राग आहे, कारण या समजापायी लोक कडक होऊन घरात बसतात. २०१९ चा अभ्यास आहे, ४४५ रुग्ण. निम्म्यांना लेव्होडोपा लगेच, निम्म्यांना ४० आठवड्यांनी. ८० आठवड्यांनंतर दोन्ही गट सारखेच. म्हणजे गोळीने आजार थांबत नाही हे खरं, पण लवकर घेतल्याने नुकसानही दिसलं नाही. घाना आणि इटलीतल्या रुग्णांची तुलनाही झाली आहे. घानात औषध उशिरा मिळतं, तरी गोळी घेणाऱ्यांत पुढे दिसणाऱ्या अंगाच्या वेड्यावाकड्या हालचाली आजाराच्या साधारण त्याच वर्षांत सुरू झाल्या. घड्याळ आजाराचं चालतं, गोळीचं नाही. गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची, भरपूर प्रथिनांसोबत घेतली तर नीट शोषली जात नाही. मळमळलं तर डॉक्टरांना फोन करा, घरातली कुठलीही उलटीची गोळी देऊ नका.

मधली_सून:

लॅबवाली मावशी, किती सविस्तर लिहिलंत. दिरांना आत्ताच वाचून दाखवलं, गप्प आहेत. वासाचं विचारलं तर म्हणाल्या, "तो तर कधीचाच गेला." झोपेचं सासऱ्यांनी हसून टाळलं. एक मात्र राहिलं. त्यांना अधूनमधून चक्कर यायची, त्यासाठी दोनेक वर्षं सिनारिझिनची गोळी घेतात. डॉक्टरांनी चालू औषधं विचारली तेव्हा आम्ही फक्त बीपीची सांगितली. याचा काही संबंध असेल का?

रात्रपाळी_डॉक्टर:

संबंध असू शकतो, म्हणून मध्ये पडतोय. इथून निदान करत नाही, तेवढं समजून घ्या.

सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन डोपामिनच्या रिसेप्टरवर, म्हणजे डोपामिन जिथे जाऊन काम करतं त्या जागेवर, अडथळा आणतात. वयस्कर माणसाने दीर्घकाळ घेतलं तर हुबेहूब पार्किन्सन्ससारखं चित्र उभं राहू शकतं. उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन आणि मानसिक आजारांवरची काही औषधं याच यादीत. औषधाने झालेलं असेल तर बहुधा दोन्ही बाजूंना सारखं असतं आणि वास शाबूत असतो. सासूबाईंचं एका बाजूचं आहे, वासही गेलाय, त्यामुळे मुळात पार्किन्सन्स असून या गोळीने तो लवकर उघडा पाडला, ही शक्यताही आहे. औषध बंद केल्यावर लक्षणं ओसरायला काही महिने लागू शकतात, म्हणून आठवड्यात निकाल मागू नका.

उद्याच न्यूरॉलॉजिस्टना कळवा. चक्करेची गोळी बंद करायची का, लेव्होडोपा आत्ता की थांबून, हे ते ठरवतील.

निवृत्त_लॅबवाली:

आता डॅटस्कॅनला अर्थ आला, बरं का. निव्वळ औषधाने झालं असेल तर तारा शाबूत असतात, स्वल्पविराम दिसतील. पूर्णविराम दिसले तर गोळीने फक्त पडदा उचलला. डॉक्टर, बरोबर ना?

रात्रपाळी_डॉक्टर:

बरोबर. औषध थांबवून वाट बघायची नसेल तर स्कॅन करायला हे सबळ कारण आहे.

स्पष्टवक्ता_७:

मी पहिल्यापासून तेच म्हणत होतो.

निवृत्त_लॅबवाली:

हो, म्हणत होतात. कशासाठी ते म्हणाला नव्हतात.

मधली_सून:

न्यूरॉलॉजिस्टना कळवलं, त्यांनी परवा बोलावलंय. घरातल्या यच्चयावत गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरून आणायला सांगितली आहेत, डोळ्यांत घालायच्या थेंबांसकट. सासूबाई यायला तयार आहेत, एका अटीवर: मोठ्या दिरांनी सोबत यायचं नाही.