लाइम रेजिसला सापडलेला नॉटिलस: जात कशी ठरवू?

ओहोटी
इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रेजिसहून चार्मथकडे चालत होते. पाणी ओसरल्यावर करड्या चुनखडीच्या सुट्या धोंड्यांत हा गुंडाळलेल्या कवचाचा जीवाश्म दिसला. व्यास १४ सेंमी. आधी अमोनाइटच (नॉटिलससारख्याच वेटोळ्या कवचाचा, आता नामशेष समुद्री प्राणी) वाटला. पण एक बाजू लाटांनी झिजलीय, आतले कप्पे वेगळे करणारे पडदे उघडे पडलेत आणि एका पडद्याच्या साधारण मधोमध मसुराएवढं भोक आहे. म्हणून नॉटिलस म्हणतेय. नाभीजवळ (वेटोळ्याच्या मधल्या खळग्याजवळ) कवचाचा तुकडा शाबूत आहे, त्यावर जाळीसारख्या बारीक रेघा. नमुन्याच्या चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहायचंय. चिकटलेला दगड व्हिनेगरने काढू का?

शिळाप्रेमी
व्हिनेगर अजिबात नको! धोंडा चुनखडीचा आणि कवचही आता कॅल्साइटचंच. आम्लाला दोन्ही सारखीच. तो जाळीदार तुकडा सर्वात आधी जाईल, आणि ओळखीसाठी तोच लाखमोलाचा आहे.

नॉटिलस हे तुम्ही बरोबर ओळखलंत. ते भोक सायफंकलचं, म्हणजे कप्प्यांतलं पाणी शोषून घेणाऱ्या नळीचं. अमोनाइटमध्ये ती बाहेरच्या कडेला चिकटून जाते. पडदा कवचाला जिथे भिडतो ती शिवणरेषाही पाहा: नॉटिलसमध्ये साधी, हलकी वळणं घेणारी, अमोनाइटमध्ये नक्षीसारखी फाटे फुटलेली.

तिथले थर सुरुवातीच्या ज्युरासिकमधले, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचे. साधी शिवणरेषा, जाळीदार कवच आणि हा काळ, यावरून प्रजाती (genus, म्हणजे जातीच्या वरचा गट) सेनोसेरास. इथवर मी निर्धास्त आहे.

जातीचं मात्र अवघड आहे. किनाऱ्यावर मिळालेल्या नमुन्याला पुष्कळ जण लगेच ‘सेनोसेरास स्ट्रायॅटम’ म्हणून मोकळे होतात, ते मला पटत नाही. वेटोळ्याची रुंदी आणि उंची, नाभीचा व्यास, अर्ध्या वेढ्यातले पडदे आणि सायफंकलची नेमकी जागा, एवढं मोजल्याशिवाय जातीचं नाव लिहू नका. शिवाय सुटा धोंडा नेमक्या कुठल्या थरातून पडला हे कळत नाही, त्यामुळे वयाचा आधारही ढोबळच.

शिंपला
शिवणरेषेबद्दल अनुमोदन. इंग्लंडच्या शेपी बेटावरच्या लंडन क्ले या चिकणमातीच्या थरातला आटुरिया (नॉटिलसचाच नातलग) हातात घेतलात तर फरक लगेच कळेल. त्याची रेषा बाजूला खोल, टोकदार खाच मारते आणि सायफंकल आतल्या कडेला असतो.

ओहोटी
व्हिनेगरची बाटली परत कपाटात. मोजलं: वेटोळं ७ सेंमी रुंद, ८ सेंमी उंच; अर्ध्या वेढ्यात ११ पडदे; भोक मध्यापेक्षा किंचित आत. कप्प्यांत पांढरे स्फटिक आहेत, तोंडाकडच्या भागात मात्र नुसता करडा दगड. असं का?

शिळाप्रेमी
तोंडाकडे प्राणी राहायचा. तो गेल्यावर तिथे सरळ गाळ शिरला. मागचे कप्पे बंद होते, म्हणून तिथे झिरपलेल्या पाण्यातून सावकाश कॅल्साइट साचलं. तो दगड तसाच राहू द्या. चिठ्ठीवर ‘सेनोसेरास, जात अनिश्चित’ लिहा. खाली ही मापं, जागा आणि तारीख.